बाहेरची भट्टी

परवा माळा आवरताना जुना तांब्याचा बंब खाली काढला. घरात गॅसचा गिझर आल्यापासून तो वरच पडून होता. मोडवाला दारात तराजू घेऊन उभा, आणि मी मात्र बंबाच्या मधल्या नळीत हात घालून आतली काजळी चाचपत बसले. "आजी, द्यायचाय ना?" असं त्याने दोनदा विचारलं. शेवटी नाही दिला. का नाही दिला, हे सांगायचं तर जरा लांबून यावं लागेल. पार अमेरिकेतून!

२०१३च्या डिसेंबरात मी लेकीकडे गेले होते. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागात, स्क्रँटन शहरापासून तासाभरावर असलेलं एक खेडं. खेडं म्हणजे आपल्यासारखं नव्हे, दोन घरांच्या मध्ये आपली अख्खी आळी बसेल एवढं अंतर. नेमका तो हिवाळा कडाक्याचा निघाला. २०१४च्या जानेवारीत ध्रुवाकडची थंड हवा खाली उतरली आणि टीव्हीवर 'पोलर व्होर्टेक्स' हा शब्द दिवसभर ऐकू येऊ लागला. मी खिडकीशी बसून बर्फ बघत असे. शेजारच्या घरामागे एक पत्र्याची खोली होती. लहानशी, दार असलेली, वर एक बुटकं धुराडं. मला आधी वाटलं, संडासच असणार! मग रोज सकाळ-संध्याकाळ शेजारचे आजोबा लाकडाचे ओंडके ढकलगाडीतून तिथे नेताना दिसले आणि खोलीतून धुराचा लोट निघाला. लेकीला विचारलं, तर म्हणाली, "आई, ती त्यांच्या घराची भट्टी आहे. घर गरम ठेवायची."

घराची भट्टी घराबाहेर? गंमत वाटली. चार-पाच दिवसांनी आजोबांनीच हाक मारून बोलावलं. माझं इंग्रजी शाळामास्तरणीचं, व्याकरणाला पक्कं आणि बोलायला कच्चं. लेक दुभाषी म्हणून सोबत. आजोबांनी भट्टीचं दार उघडून दाखवलं आणि मी पटकन मराठीत बोलून गेले, "अगं बाई, हा तर बंब!"

आजच्या मुलांनी बंब पाहिलेला नसतो, म्हणून सांगते. तांब्याचा उभा नळकांड्यासारखा हंडा. त्याच्या बरोबर मधून एक नळी वर जाते. नळीच्या बुडाशी लोखंडी जाळी, जाळीवर विस्तव, खाली राख पडायला जागा. विस्तवाच्या भोवतीने पाणी. वरून गार पाणी ओतायचं, बाजूच्या तोटीतून कढत पाणी काढायचं. ढलप्या, गोवरी, करवंटी, कोळसा, हाताला येईल ते जाळावं. जाळाची धग नळीच्या सगळ्या बाजूंनी पाण्याला लागते, म्हणून चुलीवरच्या हंड्यापेक्षा सरपण कमी लागतं.

आजोबांची भट्टी म्हणजे त्याचाच थोरला भाऊ. मधे जाड पोलादी पेटी, तिच्यात लाकडं जळतात. पेटीच्या भोवती पाण्याचं कवच, शेकडो लिटर पाणी मावेल असं. बाहेरून जाड उष्णतारोधक थर आणि त्यावर पत्रा. फरक इतकाच की हे पाणी अंघोळीला काढायचं नसतं. पंप ते पाणी जमिनीखालच्या नळातून घरात नेतो. तिथे बारीक नळ्यांच्या जाळीतून ते फिरतं, त्या जाळीवरून पंख्याने हवा फुंकली की ती गरम होऊन खोल्याखोल्यांत जाते. गार झालेलं पाणी दुसऱ्या नळाने परत भट्टीकडे. तेच पाणी हिवाळाभर गोल गोल फिरतं. टाकीला वर वाट मोकळी ठेवलेली असते, त्यामुळे आत वाफेचा दाब साठत नाही आणि स्फोटाची भीती राहत नाही. आपल्या बंबाला कुठे घट्ट झाकण असतं? तसंच.

बसवताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती, असं मी विचारलं. मला वाटलं भट्टीची जात सांगतील. ते म्हणाले, "नळ." जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्या खाली चर खणायचा आणि नळांवरचं वेष्टण उत्तम प्रतीचं घ्यायचं. त्यात पाणी शिरलं की भट्टीची निम्मी ऊब मातीलाच मिळते. त्यांनी एका घराची गोष्ट सांगितली. तिथे सगळ्या आवारात बर्फ, आणि भट्टीपासून घरापर्यंत मात्र एक सरळ हिरवी पट्टी! बर्फ वितळून खालचं गवत दिसतंय. "तो माणूस हिवाळाभर गवत तापवत होता," असं म्हणून आजोबा खूप हसले.

दुसरी गोष्ट सरपणाची. झाड तोडून फाडलेली लाकडं निदान वर्षभर आडोशाला, वारा खेळेल अशी रचून ठेवायची. ओलावा शंभरात वीस भागांवर आला की लाकूड जळायला योग्य. ओल्या लाकडाची बरीच ताकद स्वतःचंच पाणी उडवण्यात जाते. तिथे लाकूड 'कॉर्ड' या मापाने मोजतात. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रास, म्हणजे १२८ घनफूट. असे कितीतरी कॉर्ड एका हिवाळ्यात जातात.

त्यांच्या भट्टीत कोळसाही चाले. सगळ्याच भट्ट्यांत चालत नाही हं. लाकूड राखेच्या थरावर पडूनही जळतं, कोळशाला मात्र हवा खालूनच लागते. म्हणून खाली हलणारी जाळी हवी. त्या भागातला कोळसा म्हणजे अँथ्रासाइट. दगडासारखा कठीण, चकचकीत, हाताला फारसा न लागणारा. तो एकदम पेटत नाही. आधी लाकडाचा चांगला विस्तव करायचा, त्यावर थोडा थोडा कोळसा घालायचा, निळसर ज्वाला नाचू लागल्या की मग भर घालायची. आणि वरून ढोसायचं नाही! खालून जाळी हलवून राख पाडायची, बस्स. हिवाळा संपला की राख-काजळी खरवडून भट्टी कोरडी करायची, नाहीतर कोळशातल्या गंधकाचं आणि दमट हवेचं आम्ल होऊन पोलाद खातं. आमची आई चिंचेने बंब घासायची, त्यांना हे करावं लागतं. घासणं कुणाला चुकलंय?

आता मी इतिहासाची शिक्षिका. एवढं पाहिल्यावर डोक्यात चक्र सुरू होणारच. विस्तव बाहेर आणि ऊब आत, ही कल्पना काही अमेरिकन नाही. ती फार जुनी आहे. रोमन लोकांची स्नानगृहं अशीच तापवलेली असत. फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली. हे खांब दोन फूट उंच असावेत, असं व्हिट्रूव्हियसने आपल्या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात लिहून ठेवलंय. बाहेरच्या भट्टीतली गरम हवा त्या खांबांमधून फिरे. आत श्रीमंत लोक उघड्या अंगाने गप्पा मारत, आणि बाहेर भट्टीच्या तोंडाशी गुलाम लाकडं कोंबत. कोरियात 'ओंडोल' नावाची पद्धत आहे. चुलीचा धूर फरशीखालच्या दगडी नाल्यांतून फिरवून मग धुराड्याने बाहेर सोडायचा. आपल्या काश्मीरमध्ये मशिदींतून हमाम असतात, खाली विस्तव आणि वर दगडी फरशी, हिवाळ्यात माणसं त्यावर बसून शेकतात.

युरोपातून अमेरिकेत गेलेल्यांची घरं मात्र भिंतीतल्या उघड्या शेकोटीवर तापत. तिची बहुतेक ऊब धुराड्यातून वर जाई. अठराव्या शतकाच्या मध्याला मोठ्या गावांजवळची जंगलं मागे हटली आणि लाकूड लांबून आणावं लागू लागलं. म्हणून बेंजामिन फ्रँकलिनने कमी लाकडात जास्त ऊब देणारी लोखंडी शेगडी तयार केली. १७४४ साली तिची माहिती देणारी पुस्तिका छापली आणि तिचं पेटंट घ्यायला नकार दिला. विद्यार्थ्यांना हे मी मोठ्या कौतुकाने सांगत असे. पुस्तकं चाळताना नंतर कळलं की ती शेगडी धूर नीट ओढत नसे, पुढे इतरांनी ती दुरुस्त केली. थोरांच्या शेगड्याही धुपतात!

आणि मग कोळसा. लेकीच्या घरापासून फार लांब नसलेल्या विल्क्स-बॅरी गावात जेसी फेल नावाच्या गृहस्थाने ११ फेब्रुवारी १८०८ रोजी आपल्या घरच्या शेकोटीत साध्या लोखंडी जाळीवर अँथ्रासाइट पेटवून दाखवला. घरगुती शेगडीत हा दगड जळणार नाही, असाच तोपर्यंत बहुतेकांचा समज होता. सगळी करामत खालून येणाऱ्या हवेची! त्या एका जाळीने पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांची घरं तापवायची सोय झाली. धूर अगदी कमी, म्हणून शहरी लोकांचा लाडका कोळसा.

धूर कमी होता, पण त्याची किंमत दुसरीकडे कुणीतरी भरतच होतं. खाणीतून आलेला कोळसा फोडून त्यातले दगड वेचायला लहान मुलं बसवत. लुइस हाइन या छायाचित्रकाराने १९११ च्या जानेवारीत त्याच भागातल्या पिट्स्टन गावी या मुलांची छायाचित्रं काढली. काळ्याकुट्ट तोंडांची, माझ्या पाचवी-सहावीच्या वर्गात शोभतील अशी पोरं. १९०२ साली तिथल्या खाणकामगारांनी मे ते ऑक्टोबर संप केला. हिवाळ्याच्या तोंडावर शहरं गारठणार म्हणून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्यस्थी करावी लागली. आणि २२ जानेवारी १९५९ रोजी सस्क्वेहाना नदी खाणीत घुसली. बारा कामगार गेले. त्या खोऱ्यातल्या खोल खाणींचा काळ तिथेच जवळजवळ संपला. आजोबांचे वडील खाणीतच होते. "ते घरी यायचे तेव्हा फक्त डोळे पांढरे दिसायचे," असं आजोबा म्हणाले आणि जाळी हलवू लागले.

पुढे तेल आलं, गॅस आला. बटण दाबलं की घर गरम. लाकूड-कोळसा मागे पडला. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल अडवलं, काही महिन्यांत भाव चौपट झाले, आणि लोकांना पुन्हा कुऱ्हाडीची आठवण झाली. घरोघर लाकडाच्या शेगड्या आल्या. त्याबरोबर घरात राख, कचरा, आणि धुराड्यात साचलेला डांबरासारखा थर पेटून लागणाऱ्या आगी. मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटासारख्या उत्तरेकडच्या थंड राज्यांत ही बाहेरची भट्टी पुढे आली. आग घरापासून लांब, राख लांब, धूर लांब. सकाळ-संध्याकाळ सरपण घातलं की झालं. शेतकऱ्याकडे रान आपलंच, लाकूड फुकट. आमच्या आजोबांनी २००८ साली बसवली. त्या वर्षी तेलाचे भाव असे भडकले होते की त्यांच्या पेन्शनीत हिवाळा निघणं कठीण होतं.

योगायोग बघा. त्याच दशकात आपल्याकडे सरकारने निर्धूर चुलींचा कार्यक्रम हाती घेतला होता. म्हणजे तिकडे आणि इकडे माणसं एकाच वेळी एकच गोष्ट करत होती, धूर घराबाहेर काढत होती.

पण बाहेर म्हणजे कुठे?

हा प्रश्न मला इतिहासाच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकाने विचारला नव्हता. मीही वर्गात विचारला नव्हता. त्याचं उत्तर मात्र लेकीच्या घरात होतं. माझा नातू तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला दमा. वारा पश्चिमेकडून वाहू लागला की आजोबांचा धूर जमिनीलगत सरपटत आमच्याकडे येई. खिडक्या बंद असूनही घरात तो करपट वास. पोर रात्री उठून बसे. लेक त्याला औषधाचा पंप देई, जावई खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या लावत. आणि सकाळी सगळे आजोबांना हसून हात करत! चांगला माणूस, बर्फात गाडी अडकली की पहिला धावून येणारा. कसं बोलायचं?

धूर इतका का, तेही त्या भट्टीच्या रचनेतच आहे. पाणी ठरावीक तापलं की हवेची झडप आपोआप बंद होते. जाळ विझत नाही, पण त्याला श्वास मिळत नाही. मग लाकूड तासन्‌तास नुसतं धुमसतं. शिवाय पाण्याच्या गार कवचामुळे जाळ पुरता तापत नाही. त्यात धुराडं बुटकं. ईशान्येकडच्या राज्यांच्या हवा-प्रदूषण खात्यांच्या संघटनेने २००६ साली हिशोब मांडला होता, की अशी एक जुनी भट्टी सरकारमान्य बावीस शेगड्यांइतके बारीक धूलिकण हवेत सोडते. व्हरमाँट राज्याने १९९७ सालीच शेजाऱ्याच्या घरापासून २०० फूट अंतर ठेवण्याचा नियम केला होता. पेनसिल्व्हेनियात २०१० साली नियम आले. सबंध देशासाठी २०१५ साली नव्या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा आली आणि २०२० साली ती आणखी कडक झाली. पण हा देशाचा नियम नव्यांना. आधी बसवलेल्या आपल्या जागी धुमसतच राहिल्या.

धुराचा धडा जगाला तोपर्यंत पुरेसा मिळालेला होता. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकट धुकं बसलं. त्यात घरोघरच्या शेगड्यांतल्या कोळशाचा वाटा मोठा होता. चार हजार माणसं गेली असा तेव्हाचा अंदाज, नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. प्रत्येक घराने फक्त आपल्यापुरती शेगडी पेटवली होती. कुणीही कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

हे सगळं मनात घोळत असताना मला साताऱ्याचा वाडा आठवू लागला.

साल १९६२ असेल, मी दहा-अकरा वर्षांची. आमचं भाड्याचं बिऱ्हाड, दोन खोल्या आणि अंधारी न्हाणी. बंब न्हाणीत. आईला खोकल्याची ढास लागायची, म्हणून अण्णांनी बंब उचलून मागच्या बोळात ठेवला. घर एकदम निवळलं. आईचा खोकला खरंच कमी झाला. पहाटे पाचला उठून बंब पेटवायचं काम माझ्याकडे आलं आणि मला त्याचा केवढा अभिमान! बोळाच्या पलीकडे हातभर अंतरावर शेजारच्या आजींची खिडकी होती. आजींना जुना दमा. मी बादली आपटली की ती खिडकी आतून बंद होई. फटीत गोधडीचा तुकडा खोचलेला दिसे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजत असेल.

एकदाच त्या बोलल्या. खिडकी अर्धी उघडून म्हणाल्या, "पोरी, ओली लाकडं घालू नकोस गं." मी घरात येऊन सांगितलं. आई म्हणाली, "वखारीतून येतात तशीच घालणार ना आपण?" विषय संपला. बंब तिथेच राहिला. दोन वर्षांनी आजी गेल्या. धुराने गेल्या असं मी म्हणणार नाही, दुखणं जुनंच होतं, वयही झालं होतं. पण त्यांच्या शेवटच्या दोन हिवाळ्यांतल्या पहाटे माझ्या धुराने उजाडल्या, हे खरं आहे. आणि हे माझ्या लक्षात यायला पन्नास वर्षं आणि सात समुद्र ओलांडावे लागले. तीस वर्षं मी औद्योगिक क्रांती शिकवली. वाफेचं इंजिन फळ्यावर काढून दाखवलं. धूर काढला तो नुसता शोभेचा, धुराड्यावर दोन वळणं!

लेक म्हणाली, "आई, तू काही बोलू नकोस, आम्हाला इथे राहायचंय." तिचंही चूक नव्हतं. पण एके दुपारी मी डबाभर बेसनाचे लाडू घेऊन नातवासह आजोबांकडे गेले. नातूच दुभाषी. भट्टीपाशी उभं राहून मी त्यांना साताऱ्याच्या आजींची गोष्ट सांगितली. नातवाने ती त्याच्या परीने इंग्रजीत केली, बंबाला तो 'आजीचा छोटा फर्नेस' म्हणाला. शेवटी मी म्हटलं, "ओली लाकडं घालू नका, एवढंच सांगायला आले." म्हणताना माझाच आवाज मला ओळखू येईना. आजोबा बराच वेळ नातवाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या खिडक्यांना पट्ट्या लावताना दिसायच्या. मला वाटलं, थंडीसाठी."

रागावले नाहीत. तेलावर जाणं त्यांना परवडणारं नव्हतं आणि तसं मी सुचवणार तरी कशी? पण महिन्याभरात त्यांनी धुराड्याला वरून जोड लावून ते उंच केलं. त्या वर्षीची ओली लाकडं बाजूला रचली आणि उरलेला हिवाळा अँथ्रासाइटवर काढला. धूर पुरता गेला नाही. कमी झाला. नातवाच्या रात्री जरा बऱ्या गेल्या.

अजूनही हिवाळ्यात लेकीचा फोन आला की मी विचारते, "भट्टी कशी आहे?" ती म्हणते, "चाललीय, निळ्या ज्वाळेवर." भट्टी वाईट, असं मी म्हणणार नाही. थंडीत माणसाला ऊब हवीच, आणि गरिबाला ती स्वस्तात हवी. पण आपल्या घरातून धूर गेला म्हणजे तो नाहीसा झाला नाही, तो कुणाच्या तरी खिडकीशी गेला, एवढं पाहून यायला काय हरकत आहे? हातभर तर अंतर असतं.

असो. मोडवाला कंटाळून निघून गेला. बंब आता गॅलरीत आहे. चिंच भिजत घातली आहे, उद्या घासायला घेईन.